मुलांना यात ओढू नका, म्हणजे काय?

गेल्या महिन्यात कतारगामातील एका घरी बैठकीला जाण्याचा प्रसंग आला. लग्नाला पंधरा वर्षे झालेले एक जोडपे परस्परसंमतीने विभक्त होऊ पाहत होते. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत, तरीही कोणाला ओळख पटलीच, तर त्यांनी ती आपल्यापाशीच ठेवावी.) दोन्हीकडचे वडीलधारे, दोन मामा, एक निवृत्त शिक्षक, एक वकील आणि साक्षीदार म्हणून मी, असे आम्ही नऊजण सतरंजीवर बसलो होतो. वकिलांनी मसुदा वाचून दाखविला. दागिन्यांची यादी वजनासह होती. फ्लॅटच्या कर्जाचे उरलेले हप्ते कोणी भरावेत, स्कूटर कोणाच्या नावे राहावी, लग्नातील भांडी परत करावयाची की नाही, हे सारे तपशीलवार लिहिले होते. अकराव्या कलमात मुले आली. मुलगा वडिलांकडे, मुलगी आईकडे, दुसऱ्या व चौथ्या रविवारी भेट. दोन ओळी.

मी विचारले, "मुलांशी कोणी बोलले आहे का?"

क्षणभर कोणी काही बोलेना. मग मुलांचे आजोबा अत्यंत सौम्य स्वरात म्हणाले, "साहेब, मुलांना यात ओढू नका." नऊपैकी आठ माना हलल्या.

त्या वेळी मी गप्प बसलो. यजमानांच्या घरी, इतक्या जड वातावरणात वाद घालणे मला प्रशस्त वाटले नाही. परंतु हे वाक्य मी आयुष्यात इतक्या वेळा ऐकले आहे आणि इतक्या वेळा मान्य केले आहे, की त्याला एकदा लेखी उत्तर देणे मी माझे कर्तव्य समजतो. आपल्या मंडळाच्या या अंकाचे वाचक हेच अशा बैठकांत सतरंजीवर बसणारे लोक आहेत, म्हणून हे उत्तर येथेच.

पहिली गोष्ट अशी, की हे वाक्य दयेचे दिसते, पण ते खरे नाही. मुले यात ओढली गेलेलीच असतात. ज्या रात्री पलीकडच्या खोलीत पहिल्यांदा आवाज चढला, त्या रात्रीपासून ती यात आहेत. अकराव्या कलमात त्यांची वाटणी झाली तेव्हा तर ती पुरती आत आली. कोणते घर, कोणती शाळा, कोणती भाषा, कोणाच्या शेजारी झोपायचे, हे सारे त्या दोन ओळींनी ठरते. मुलांना बाहेर ठेवले असे आपण म्हणतो, तेव्हा वस्तुतः आपण त्यांचे बोलणे तेवढे बाहेर ठेवलेले असते.

आता मला माझ्याच एका चुकीबद्दल लिहावयाचे आहे. ते लिहिल्याशिवाय पुढचे लिहिण्याचा अधिकार मला नाही.

१९९८ च्या सुमाराची गोष्ट. मी तेव्हा महसूल खात्यात नायब मामलतदार होतो. सरकारी नोकरीतल्या माणसाला कायदा कळतो अशी आपल्या समाजात समजूत असल्यामुळे अशा बैठकींना मला आवर्जून बोलावणे येई आणि त्याचा मला थोडा अभिमानही वाटे. कतारगाम तेव्हा झपाट्याने बदलत होते. ज्या पापडीचे नाव उंधियू करताना अजून घेतले जाते, तिची शेते जाऊन हिऱ्याचे कारखाने आणि यंत्रमाग उभे राहिले होते. आपली जुनी मराठी घरे मात्र घरातले भांडण घरातच मिटविण्याच्या जुन्या रीतीला धरून होती. एका परिचिताच्या घरी आम्ही सात माणसांनी दोन बैठकांत एका संसाराचा निकाल लावला. अकरा वर्षांची मुलगी आणि सात वर्षांचा मुलगा. एक आईला, एक वडिलांना. दोघांचाही मान राहिला, कोणाची तक्रार उरली नाही. मसुद्याची भाषा मी स्वतः सुधारली होती आणि ती चांगली झाली आहे असे माझे तेव्हा मत होते.

मुलगी आईबरोबर नंदुरबारला गेली. सहा वर्षे गुजराती माध्यमात शिकलेली ती मुलगी. देवनागरीशी तिची ओळख हिंदीच्या पुस्तकापुरती. घरात मराठी बोलत असे, पण मराठीत गणिताचे उदाहरण तिने कधी वाचले नव्हते. तिचे एक वर्ष वाया गेले. हा मुद्दा आम्हा सात जणांपैकी एकाच्याही डोक्यात आला नव्हता. आपण सुरतेत मराठी जपली याचा गौरव करणारी आम्ही माणसे, मुलीला कोणत्या लिपीत वाचता येते हे विचारायला विसरलो.

पण खरी गोष्ट ती नव्हे. पुढे बारा-तेरा वर्षांनी एका लग्नात ती भेटली. नोकरीला लागली होती. पाया पडली, इकडचे तिकडचे बोलली आणि मग अगदी सहज म्हणाली, "काका, त्या दिवशी तुम्हा सगळ्यांना चहा मी आणून दिला होता. तुम्हाला आठवतं?" मला आठवत नव्हते. ती म्हणाली, "मी मुद्दाम सावकाश कप ठेवत होते. मला वाटलं, कोणीतरी विचारेल."

मी विचारले, "विचारले असते तर काय सांगितले असतेस? आईकडे की बाबांकडे?"

"ते नाही हो काका. एवढंच सांगायचं होतं की छोटू अंधारात एकटा झोपत नाही. माझा हात धरून झोपतो. ते कोणालाच माहीत नव्हतं."

त्या घरात ती गोष्ट खरोखरच कोणाला माहीत नव्हती. आईवडील वर्षभर वेगळ्या खोल्यांत झोपत होते, मुले तिसऱ्या खोलीत. सात शहाण्या माणसांनी दोन भावंडांना दोन राज्यांत वाटून टाकले, आणि त्या निर्णयासाठी सर्वांत आवश्यक असलेली माहिती ज्या एका व्यक्तीजवळ होती, ती आमच्यासमोर चहाचे कप ठेवून आत निघून गेली.

आपण समजतो की मुलाला विचारणे म्हणजे त्याला न्यायाधीश करणे, आई आणि बाप यांच्यात निवड करावयास लावणे. तसे करणे क्रूरपणाचे आहे, याविषयी माझे आजोबांशी दुमत नाही. भर बैठकीत मुलाला उभे करून "सांग बाळा, कोण हवे, मम्मी की पप्पा?" असे विचारणारे मामा मी पाहिले आहेत. तो प्रश्न विचारणाऱ्याला खोलीबाहेर काढावे, इतपत माझे मत कडक आहे. परंतु ज्याचे आयुष्य बदलणार आहे, त्याच्या दिवसाची, भीतीची आणि सवयीची माहिती त्याच्याकडून घेणे व त्याचे काही म्हणणे असल्यास ते निर्णयापूर्वी ऐकणे, ही गोष्ट वेगळी आहे. निर्णयाचे ओझे मोठ्यांनीच वाहावयाचे आहे. मात्र ते वाहताना डोळे झाकून वाहू नये.

"हे परदेशी खूळ आहे," असेही त्या दिवशी बैठक संपताना कोणीतरी पुटपुटले. त्यांच्यासाठी थोडा कायदा सांगतो. पालक व पाल्य अधिनियम १८९० सालचा आहे. त्याच्या सतराव्या कलमात म्हटले आहे की अज्ञान मूल समजून-उमजून पसंती सांगण्याइतके मोठे असेल, तर न्यायालय ती पसंती विचारात घेऊ शकेल. म्हणजे एकशेतीस वर्षांहून अधिक काळ ही गोष्ट आपल्या कायद्यात आहे. हिंदू विवाह अधिनियम १९५५ चा. त्याच्या सव्विसाव्या कलमात मुलांचा ताबा, पोषण आणि शिक्षण यांविषयीचे आदेश शक्य असेल तेथे मुलांच्या इच्छेशी सुसंगत असावेत, असे स्पष्ट शब्द आहेत. ते शब्द आपल्याच संसदेने घातले. बालहक्कांच्या ज्या आंतरराष्ट्रीय संहितेचे बारावे कलम आज सर्वत्र सांगितले जाते, ती १९८९ ची, आणि भारताने ती डिसेंबर १९९२ मध्ये स्वीकारली. खूळच असेल तर ते आपल्याकडे बरेच आधीपासून आहे.

न्यायालयांनीही हे वारंवार सांगितले आहे. मुले ही आईबापांची मालमत्ता नव्हेत आणि खेळणीही नव्हेत, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७३ साली बजावले. २००८ साली एका प्रकरणात खालच्या न्यायालयांनी मुलाचे मन जाणूनच घेतले नाही, हा दोष सर्वोच्च न्यायालयाने दाखविला आणि न्यायमूर्तींनी स्वतः त्या मुलाशी बोलून निर्णय फिरविला. त्याच वर्षी दुसऱ्या एका प्रकरणात न्यायमूर्तींनी दहाएक वर्षांच्या मुलाला आपल्या दालनात बोलावून त्याच्याशी संवाद केला. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला जे अप्रतिष्ठेचे वाटत नाही, ते आपल्या सतरंजीवरच्या नऊ जणांना वाटावे, हे नवलच.

मात्र येथे एक मेख आहे आणि माझ्या मते खरा प्रश्न तोच आहे. वर सांगितलेली सारी उदाहरणे भांडणाची आहेत. आई आणि बाप, किंवा बाप आणि आजी-आजोबा, मुलासाठी एकमेकांविरुद्ध उभे ठाकले, की न्यायाधीश मुलाला बोलावतात. परंतु आपल्यासारख्या घरांत, अब्रूच्या धाकाने म्हणा वा शहाणपणाने म्हणा, प्रकरण भांडणापर्यंत जात नाही. ते तेरा-ब कलमाखाली परस्परसंमतीने होते. त्या कलमात न्यायालयाने पक्षकारांना ऐकून आणि योग्य ती चौकशी करून कशाची खात्री करून घ्यावयाची आहे? विवाह झाला होता, आणि अर्जातील कथने खरी आहेत. मूल पक्षकार नाही, त्यामुळे त्याला ऐकण्याचा प्रश्न तेथे आपोआप उद्भवत नाही. एखादे जागरूक न्यायाधीश सव्विसाव्या कलमाची आठवण ठेवून विचारतातही, पण बैठकीत लिहिलेले अकरावे कलम बहुधा जसेच्या तसे हुकूमनाम्यात उतरते. आईबाप भांडले तर मुलाला निदान एकदा कोणीतरी विचारण्याचा संभव आहे, सामोपचाराने वेगळे झाले तर तोही नाही. आपल्या सभ्यतेचा दंड मुलाने भरावयाचा, असा हा उलटा न्याय.

२०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने सहा महिन्यांची प्रतीक्षा योग्य प्रसंगी माफ करता येते असा निर्णय दिला. तो मी चुकीचा म्हणत नाही. मेलेले लग्न उगाच कशाला ताटकळत ठेवावे? परंतु ही माफी देताना ज्या गोष्टी पाहावयाच्या, त्यांत पोटगी आणि मुलांचा ताबा यांसह सर्व मतभेद पक्षकारांनी खरोखर मिटविलेले आहेत, ही एक आहे. मिटविले कोणी? पक्षकारांनी. आता सहा महिन्यांतला तो अवकाशही गेला, ज्यात एखादी शिक्षिका, एखादी मावशी मुलाच्या मनातले काढून घेऊ शकली असती. योगायोग असा की त्याच वर्षी, १ जानेवारी २०१७ पासून, फ्रान्सने परस्परसंमतीचा घटस्फोट न्यायाधीशाशिवाय, वकील आणि नोटरी यांच्यामार्फत करण्याची मुभा दिली. आपल्याहून किती पुढची घाई! पण तेथे अज्ञान मुलाला त्याच्या हक्काची माहिती द्यावी लागते, आणि मूल जर म्हणाले की मला न्यायाधीशांशी बोलावयाचे आहे, तर तो जवळचा रस्ता बंद होतो व प्रकरण न्यायालयातच जावे लागते. घाई हवी तर जरूर करा, मात्र मुलाने हात वर केला तर थांबा, एवढेच त्या कायद्याचे म्हणणे. नॉर्वेत सात वर्षांच्या मुलाला मत मांडण्याची संधी द्यावीच लागते आणि बारा वर्षांनंतर त्या मताला मोठे वजन दिले जाते.

आपण गुजरातेतली मराठी माणसे सयाजीराव महाराजांचे नाव निघाले की ताठ बसतो. बसावेच. बडोदे संस्थानाने १९३१ साली हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा केला, तेव्हा मुंबई प्रांताला तसा कायदा करावयास १९४७ उजाडावे लागले आणि साऱ्या देशाला १९५५. आपल्या शेजारचे नवसारी गायकवाडी मुलखात होते. तेथल्या दुःखी स्त्रीला जी वाट खुली होती, ती इंग्रजी अमलाखालच्या सुरतेतल्या स्त्रीला नव्हती. हा वारसा आपण व्याख्यानांत मिरवतो. त्या कायद्याने स्त्रीचे म्हणणे ऐकले पाहिजे हे मान्य केले. त्या वेळीही वडीलधाऱ्यांनी 'बायकांना यात काय विचारायचे' असेच म्हटले असणार, असा माझा तर्क आहे. ज्यांनी तो प्रश्न मागे टाकला त्यांचे वारस म्हणवून घेणाऱ्या आपण मुलांच्या बाबतीत मात्र तोच प्रश्न विचारावा काय?

आता आक्षेपांतला सर्वांत वजनदार आक्षेप. मूल शिकविलेले बोलते. आई शिकविते, बाप शिकवितो, आजी तर फारच शिकविते. हे खरे आहे आणि सर्वोच्च न्यायालयालाही ते ठाऊक आहे. २०१७ च्याच एका प्रकरणात बापाकडे वाढलेल्या मुलीचे मन आईपासून तोडले जाण्याचा धोका न्यायालयाने गंभीरपणे घेतला आणि ताबा आईला दिला. पुढे २०२४ मध्ये त्याच न्यायालयाने सावधही केले, की मुलाला फितविल्याचा शिक्का उठसूट मारू नये, प्रत्यक्ष वर्तन दाखवून द्यावे. आणि त्या प्रकरणात मुलांच्या इच्छेला मान देऊन त्यांना वडिलांकडेच राहू दिले. मूल शिकविलेले असू शकते, यावरून निघते ते एवढेच, की जाणकाराने, एकांतात, एकाहून अधिक वेळा त्याच्याशी बोलावे. कौटुंबिक न्यायालय अधिनियम, १९८४ मध्ये समुपदेशकांची आणि तज्ज्ञांचे साहाय्य घेण्याची तरतूद याचसाठी आहे. शिकविलेले बोलणे ही केवळ मुलांची खोड आहे काय? महसुली कोर्टात मी बसलो आहे. सातबाराच्या वादात पन्नाशीचे साक्षीदार शब्दनशब्द घोकून येत. म्हणून आम्ही साक्षी घेणे बंद केले नाही. पुरावा कायदा तर १८७२ पासून लहान मुलाला साक्षीदार मानतो, फक्त त्याला प्रश्न कळला पाहिजे आणि समंजस उत्तर देता आले पाहिजे. २०२४ च्या जुलैपासून त्याची जागा नव्या साक्ष्य अधिनियमाने घेतली, तत्त्व तेच राहिले. खुनाच्या खटल्यात आठ वर्षांच्या मुलाच्या शब्दावर विसंबता येते. तेच मूल उद्या कोठे झोपणार, याविषयी मात्र त्याला काही समजत नाही!

मूल मोबाइल देणाऱ्याकडे जाईल, असे म्हणणाऱ्यांना मी एवढेच म्हणेन, की मग मोबाइलविषयी विचारूच नका. सकाळी कोण उठविते, अभ्यासाला कोणाजवळ बसतोस, ताप आला की कोणाला हाक मारतोस, बहीण नसेल त्या दिवशी काय करतोस, कशाची भीती वाटते, हे विचारा. विचारणारी व्यक्ती दोन्ही घरांच्या बाहेरची असावी, शक्यतो शिक्षिका असावी, आणि त्या वेळी खोलीत दुसरे कोणी असू नये. तू जे सांगशील त्यातले कोणते मी मोठ्यांना सांगू आणि कोणते नको, हे मुलाला आधी विचारावे. निर्णय तुझ्यावर नाही, तो आम्ही घेणार आहोत आणि त्याचा दोष तुझ्याकडे कधीही येणार नाही, हे दोनदा सांगावे. बोलावयाचे नसेल तर तेही त्याचे स्वातंत्र्य आहे. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीने २००९ साली हे निःसंदिग्ध केले आहे, की मत मांडणे हा मुलाचा हक्क आहे, त्याच्यावरील सक्ती नव्हे. आणि निर्णय झाल्यावर कोणीतरी परत जाऊन, काय ठरले आणि का ठरले, हे मुलाला त्याच्या भाषेत सांगावे. ही शेवटची गोष्ट तर आपण कधीच करीत नाही. मुलाला निर्णय कळतो तो बॅग भरताना.

मन्नू भंडारी यांची 'आपका बंटी' ही हिंदी कादंबरी १९७१ ची. आपल्या मंडळींपैकी अनेकांनी ती वाचली आहे आणि वाचून डोळे पुसले आहेत. आईचे नवे घर होते, वडिलांचे नवे घर असते आणि बंटीची रवानगी वसतिगृहाकडे होते. आपण पुस्तक मिटतो, 'बिचारा' म्हणतो आणि रविवारी बैठकीला जाऊन अकरावे कलम लिहितो. वाचनाचा आणि वागण्याचा इतका कमी संबंध असलेला समाज साहित्य मंडळ चालवितो कशासाठी, असा एक कडवट प्रश्न मनात येतो. तो मी मलाच विचारीत आहे.

जाता जाता आणखी एक, कारण आपल्याकडे याविषयी फार गैरसमज आहे. स्टॅम्पपेपरवर लिहून, पंचांच्या सह्या घेऊन घटस्फोट होतो असे अनेकांना वाटते. ज्या जातीत काडीमोडीची रूढी सिद्ध करता येते तेथेच हिंदू विवाह अधिनियमाचे एकोणतिसावे कलम ती रूढी राखते. इतरांच्या बाबतीत तो कागद म्हणजे घटस्फोट नव्हे. आणि मुलांच्या बाबतीत तर कोणताच कागद अखेरचा नसतो. त्यांच्या हिताचा प्रश्न न्यायालयाला पुन्हा उघडता येतो. तेव्हा एकदा लिहिले म्हणजे संपले, या भ्रमात कोणी राहू नये.

परवाच्या त्या मसुद्याची स्वच्छ प्रत आता तयार झाली आहे आणि येत्या रविवारी सह्यांसाठी बैठक आहे. मुलगा आठवीत आहे, मुलगी चौथीत. साक्षीदार क्रमांक दोन म्हणून माझे नाव छापलेले आहे. मी आजोबांना दूरध्वनी करून सांगितले, की मुलांच्या शाळेतील ज्या बाईंवर दोघांचाही जीव आहे, त्यांनी मुलांशी वेगवेगळे आणि मग एकत्र बोलावे. त्यानंतर अकरावे कलम जसे आहे तसेच राहिले तरी माझी हरकत नाही. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मुलगी हल्ली जेवताना बोलत नाही, हे खरे." बाईंना विचारून कळवितो असे ते म्हणाले आहेत. त्यांचा निरोप येईपर्यंत माझी सही होणार नाही.